घडीची सायकल निवडताना

प्रश्न : मी जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि नोकरीसाठी रोज रेल्वेने कुर्डुवाडीला जातो. दोन्हीकडच्या स्टेशनांपर्यंतच्या अंतरासाठी लहान चाकांची, घडी होणारी सायकल घ्यावयाची आहे. १६ इंची चाक बरे की २० इंची, आणि खरेदीच्या वेळी काय पाहावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण २० इंची चाकाची सायकल घ्यावी. १६ इंची सायकलची घडी अधिक आटोपशीर होते, हे खरे. लंडनच्या ब्रॉम्प्टन कंपनीच्या अशा सायकलची घडी तर जेमतेम २७ सेंटिमीटर जाडीची असते. परंतु चाक जितके लहान, तितके ते खड्ड्यात खोल उतरते आणि त्याचा धक्का मनगटांना सोसावा लागतो.

२० इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या चाकांतही रिमची दोन मापे आढळतात, ४०६ आणि ४५१ मिलिमीटर. टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत ‘४७-४०६’ यासारखा आकडा उठवलेला असतो, तो वाकून वाचावा. ४०६ हेच माप मुलांच्या सायकलींनाही वापरतात, त्यामुळे त्याची ट्यूब साध्या दुकानातही मिळू शकते. ४५१ ची बहुधा मागवावी लागते. वेड्या बाभळीचा काटा केव्हा रुतेल याचा नेम नसलेल्या आपल्या भागात ही सोय मला फार मोलाची वाटते.

सर्वांत अधिक वेळ मात्र बिजागरीला द्यावा, कारण स्वाराचा सारा भार तिच्यावरून जातो. मधल्या दांड्याचा आणि हँडलच्या खांबाचा असे दोन्ही खटके लावावेत, पुढचा ब्रेक घट्ट दाबून धरावा, एक बोट सांध्याच्या फटीवर ठेवावे आणि सायकल पुढे-मागे ढकलावी. दोन्ही सांधे असे पाहावेत. बोटाखाली फट किंचितही उघडमीट करताना जाणवली आणि दुकानदाराने खटका आवळून दिल्यावरही ती थांबली नाही, तर ती सायकल घेऊ नये, मग किंमत कितीही उतरवून मिळो. खटका आपोआप उघडू नये म्हणून त्याला वेगळी कडी आहे ना, हेही पाहावे.

२० इंची चाक एका फेऱ्यात सुमारे दीड मीटर जाते, तर जुन्या २८ इंची सायकलचे सव्वादोन मीटरच्या आसपास. ही तूट पुढच्या चेनव्हीलने, म्हणजे पायडलजवळच्या दातेरी चकतीने, भरून काढावी लागते. तिथे ५२ च्या आसपास दात असावेत, नाहीतर पायडल भराभर फिरते आणि सायकल मात्र रेंगाळते.

वजन छापील माहितीवरून ठरवू नये. बारा-तेरा किलो कागदावर हलके दिसतात, पण आपल्याला ते रोज तीन मजले वर न्यावयाचे आहेत, तेव्हा दुकानातच सायकलची घडी घालून ती एका हाताने उचलावी आणि जवळ जिना असल्यास चढून पाहावा.