भाषांतर तंतोतंत, उत्तरे मात्र फसवी

प्रश्न : मी मस्कतमधील एका दवाखान्यात परिचारिका आहे. नैराश्याच्या प्राथमिक चाचपणीसाठी आम्ही नऊ प्रश्नांची ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली अरबीतून देतो. भाषांतर आमच्यातील एका जाणकाराने केले, दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत आणून मूळ मजकुराशी ताडून पाहिले आणि दोन्ही तंतोतंत जुळले. तरीही झोप उडालेल्या, अन्नावरची वासना गेलेल्या स्त्रियाही ‘अजिबात नाही’ याच रकान्यात खुणा करतात. चूक कोठे असावी?

उत्तर : चूक बहुधा त्या ‘तंतोतंत’मध्येच आहे. भाषांतर जितके शब्दशः, तितके ते उलट भाषांतरात चांगले जुळते. चिंता आणि नैराश्य मोजणाऱ्या ‘हॅड्स’ या इंग्रजी प्रश्नावलीत भीतीने पोटात फुलपाखरे उडाल्यासारखे वाटते का, असे विचारले आहे. हा वाक्प्रचार अरबीत जसाच्या तसा उतरवला, तर इंग्रजीत परतताना फुलपाखरे सुखरूप परततील. अरबी वाचणारी बाई मात्र बुचकळ्यात पडेल. आपल्याकडे अशा वेळी पोटात गोळा येतो, आणि मराठी भाषांतरात तो गोळा लिहिला तर उलट तपासणारा त्यालाच चूक ठरवील.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने २०१५ साली सीरियन लोकांच्या मानसिक आरोग्यावर काढलेल्या अहवालात दुःख सांगण्याच्या त्यांच्या स्वतःच्या तऱ्हा नोंदवलेल्या आहेत : ‘कल्बी मक्बूद’, म्हणजे काळीज आवळले गेले आहे, ‘नफ्सियती ताबाना’, म्हणजे माझे मन थकले आहे. ‘नैराश्य’ या शब्दाला मान हलवून नकार देणारी व्यक्ती अशा शब्दांना होकार देऊ शकते. हे शब्द सीरियाचे आहेत, ओमानचे नव्हेत, म्हणून ते उचलून वापरू नका; आठ-दहा रुग्णांना प्रत्येक प्रश्न वाचून दाखवा आणि ‘यातून तुम्हाला काय समजले, ते तुमच्या शब्दांत सांगा’ एवढेच विचारा. ही तपासणी उलट भाषांतराहून कितीतरी अधिक बोलकी असते.

शिवाय लेखी अरबी, म्हणजे फुस्हा, ही वृत्तपत्राची आणि शाळेची भाषा आहे. घरात कोणी त्या भाषेत रडत नाही. त्यामुळे छापील मजकूर सोप्या फुस्हामध्ये ठेवून तो स्थानिक बोलीत वाचून दाखवावा लागतो, मात्र वाचणाऱ्या सर्वांनी बोलीतील शब्द आधी ठरवून घेतलेले असावेत. अरबीत ‘तू’ला सुद्धा स्त्री आणि पुरुष अशी वेगळी रूपे आहेत; पुरुषाला उद्देशून छापलेला कागद बाईच्या हाती दिला, तर तो प्रश्न आपल्यासाठी नाहीच असे तिला वाटू शकते.

आणखी एक : ‘पीएचक्यू-९’ची अरबी रूपे लेबनॉन आणि सौदी अरेबियात तपासली गेली आहेत. घरी केलेल्या भाषांतरापेक्षा त्यांपैकी एकापासून सुरुवात करणे शहाणपणाचे.

प्रश्न : ‘पीएचक्यू-९’मध्ये २७ पैकी १० किंवा अधिक गुण म्हणजे नैराश्याची शक्यता, ही नेहमीची सीमारेषा अरबीतही ग्राह्य धरावी का?

उत्तर : तपासल्याशिवाय नाही. सीमारेषा ही विशिष्ट मजकुराची आणि विशिष्ट लोकांची असते. प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठी १९८७ साली तयार झालेल्या एडिनबर्ग प्रश्नावलीचे अरबी रूपही संयुक्त अरब अमिरातीत स्वतंत्रपणे तपासावे लागले, आणि तो अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. तुमच्या रुग्णांवर तशी तपासणी होईपर्यंत १० हा आकडा निदान नव्हे, तर डॉक्टरांशी बोलणे सुरू करण्याचे निमित्त माना.

‘पीएचक्यू-९’चा नववा प्रश्न मात्र गुणांच्या बेरजेत हरवू देऊ नका. ‘मेलेले बरे’ आणि ‘स्वतःला इजा करावी’ हे दोन वेगळे विचार त्यात एकत्र आहेत, आणि श्रद्धाळू मुस्लिम रुग्णाला त्यावर ‘हो’ म्हणणे म्हणजे पापाची कबुली वाटू शकते. छापील प्रश्न न बदलता, ‘देवाने आता आपल्याला न्यावे असे कधी मनात येते का’ असे आधी हळूच विचारावे, मग इजेचे स्पष्ट शब्दांत विचारावे, आणि होकार आला तर एकूण गुण दोन असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे.