जुनी इलेक्ट्रिक गिटार: लाकडाचा महिमा किती, वाजवणाऱ्यांचा किती?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: जुन्या लाकडामुळे आवाज खरंच सुधारतो का, आणि १९५०च्या दशकातल्या गिटारींचा संगीतावर एवढा पगडा का.

लाकडाचं आधी उरकतो. वाळलेल्या लाकडाने थोडाफार फरक पडत असेलही, पण ॲम्पपर्यंत, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्रापर्यंत, जे पोचतं ते तारांखालच्या पिकअपमधून. पोलादी तार चुंबकाच्या वर थरथरते, खालच्या तांब्याच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते, तोच तुमचा आवाज. लाकडाचा वाटा यात बराच मागे येतो.

जुन्या पिकअपमध्ये मात्र खरी गंमत आहे. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांचा हंबकर, म्हणजे दुहेरी वेटोळ्याचा पिकअप, १९५७ पासून कंपनीच्या लेस पॉल या गिटारीवर बसू लागला. दोन वेटोळी उलटसुलट जोडली की विजेची घरघर आपोआप कटते, ही त्यातली युक्ती. खाली ‘पेटंट अप्लाइड फॉर’ असं चिकटवलेलं असायचं, म्हणून पीएएफ हे नाव पडलं. एका वेटोळ्याला तारेचे साधारण ५,००० फेरे अपेक्षित, पण मशीन कधी थांबवायचं हे बऱ्याचदा चालवणाऱ्याच्या अंदाजावर. त्यामुळे एकात फेरे जास्त, दुसऱ्यात कमी. चुंबकही सगळे एकाच प्रतीचे नसत. एकाच वर्षाच्या दोन लेस पॉल शेजारी ठेवल्या तर एक भरदार आणि दुसरी कर्कश निघू शकते. म्हणून ‘जुनं ते सोनं’ हे मी तरी गिटारीला लावत नाही.

आता पगड्याबद्दल. आज ज्यांच्यावर उड्या पडतात त्यातल्या बऱ्याच गिटारी त्यांच्या काळात चालल्याच नव्हत्या. १९५८ ते १९६० मधली सनबर्स्ट (मध्ये फिकट, कडेला गडद रंगाची) लेस पॉल घ्या. तीन वर्षांत साधारण दीड हजारच बनल्या, आणि खप नाही म्हणून गिब्सनने ते मॉडेल बंद करून १९६१ मध्ये पातळ, शिंगांचा नवा आकार आणला. मग १९६६ मध्ये जॉन मेऑलच्या ब्लूजब्रेकर्स या बँडसोबत एरिक क्लॅप्टनने तीच नाकारलेली गिटार मार्शल ॲम्पला जोडली आणि स्टुडिओतही आवाज कमी करायला ठाम नकार दिला. ॲम्प फाटेस्तोवर ताणला की हंबकरचा सूर लांबत जातो, जवळजवळ व्हायोलिनसारखा. नंतरच्या हार्ड रॉकचा पाया तो. मागणी एवढी वाढली की १९६८ मध्ये गिब्सनला लेस पॉल पुन्हा काढावी लागली.

फेंडर या दुसऱ्या कंपनीच्या जॅझमास्टर गिटारीची गोष्ट याहून मजेशीर. १९५८ मध्ये जॅझवाल्यांसाठी आणली, त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सर्फ बँडवाल्यांनी उचलली. पुढे सेकंडहँड बाजारात ती स्वस्तात पडून राहायला लागली, आणि खिशात पैसे नसलेल्या पोरांना तीच परवडली. टॉम व्हर्लेन, एल्विस कॉस्टेलो, पुढे सॉनिक यूथ ही सगळी मंडळी तिच्यावर वाजवू लागली. पर्यायी रॉकचा आवाज घडवण्यात सेकंडहँड दुकानातल्या किमतीचा हात कंपनीच्या जाहिरातींपेक्षा मोठा, असं माझं मत.

फेंडरच्याच स्ट्रॅटोकास्टरचंही असंच. १९५४ मध्ये आली तेव्हा तीन पिकअप आणि तीनच जागांचा स्विच. वाजवणाऱ्यांना कळलं की स्विच दोन जागांच्या मधोमध अडकवला तर दोन पिकअप एकत्र लागतात आणि पोकळ, टणत्कारी असा निराळाच आवाज येतो. कंपनीने पाच जागांचा स्विच दिला तो थेट १९७७ मध्ये. तोवर लोक आपले स्विच मधेच टेकवून वाजवत होते.

तुम्हाला तो आवाजच हवा असेल तर चांगली रीइश्यू (जुन्या मॉडेलची नव्याने बनवलेली प्रत) घ्या आणि उरलेले पैसे ॲम्पवर घाला. खरी जुनीच हवी असेल तर मात्र विक्रेत्याच्या गोष्टीवर जाऊ नका, आतली पॉट्स, म्हणजे आवाजाच्या बटणांखालचे भाग, बघा. त्यांच्या पाठीवर कोड असतो. उदाहरणार्थ ३०४६३२०: पहिले तीन आकडे पॉट बनवणाऱ्याचे, मग १९६३ साल, मग २०वा आठवडा. गिटार १९६१ ची म्हणून विकत असतील आणि आत हे पॉट निघालं, तर एकतर पॉट बदललंय किंवा साल खोटं आहे. कोड जुळला तरी सोल्डरचे सांधे नवे, चकचकीत दिसत असतील तर काय बदललं ते विचारा. आणि रंग पुन्हा मारलेला असेल तर मूळ रंगाच्या गिटारीच्या निम्म्याच्या आसपास भाव धरून बोला.