स्थानिक चर्च आणि मिशनरी काम यांचा नेमका संबंध काय? गावातलं चर्च म्हणजे मिशनऱ्यांची शाखाच असते का?

नाही. शाखा असती तर आमच्या चर्चचे पत्रे तेरा पावसाळे गळले नसते.

मी नेवासा तालुक्यातला, चौथ्या पिढीचा ख्रिस्ती. गावात आमची पस्तीसेक घरं, दगडी भिंतींचं छोटंसं चर्च (म्हातारी माणसं अजून देऊळच म्हणतात) आणि चार गावांत मिळून एक पाळक, म्हणजे पास्टर. तो मोटरसायकलवर फिरतो आणि त्याचा पगार मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या सभासदांच्या) वर्गणीतून निघतो, कधी वेळेवर, कधी नाही. हंगामाच्या सणाला लोक ज्वारी, अंडी, कोंबड्या, भोपळे आणतात आणि उपासना झाली की लिलाव होतो. बोली जिंकणारा भोपळा घरी नेत नाही, पैसे भरून परत टेबलावर ठेवतो, की पुन्हा बोली. एका वर्षी एकच भोपळा पाच वेळा विकला गेला. शेवटी पत्रे बसले ते अशाच पैशांतून. 'परदेशी फंड' म्हणतात तो आमच्याकडे एवढाच.

आता मिशनरी कामाचं. माझे मेव्हणे पुण्याकडच्या एका सुवार्ता संस्थेत, म्हणजे धर्मप्रसार करणाऱ्या संस्थेत आहेत. नाव लिहीत नाही. सहा वर्षांपूर्वी दिवाळीत ते मला म्हणाले, "तुमची मंडळी झोपलीय. तीन पिढ्यांत एक माणूस वाढवला नाहीत." नोव्हेंबरात ते टीम घेऊनच आले. मंडप, कीबोर्ड, मोठे स्पीकर आणि एक कॅमेरावाला. तीन दिवस सभा. पाळकाला विचारलं नव्हतं, फक्त 'शेवटची प्रार्थना तुम्ही करा' एवढंच सांगितलं होतं. तिसऱ्या रात्री वक्त्याने विचारलं, ज्यांना येशूचा स्वीकार करायचाय त्यांनी हात वर करा. आता ख्रिस्ती माणसाला असं विचारल्यावर हात खाली कोण ठेवणार? सगळ्यात आधी हात वर गेला माझ्या आत्याचा. वय एकाहत्तर, चाळीस वर्षं संडे स्कूल घेतलेली बाई, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं तोंडपाठ.

चार महिन्यांनी भाच्याने मोबाइलवर संस्थेचं पत्रक दाखवलं. आत्याचा फोटो, खाली 'अंधारातून प्रकाशात आलेली वृद्धा', नावही चुकीचं. आणि आकडा: आमच्या गावात १४० नवे विश्वासी! पाळण्यातली पोरं धरून आमची सगळी मंडळीच तेवढी होते. म्हणजे जन्मापासून ख्रिस्ती असलेलं आख्खं गावकूस त्यांनी तीन रात्रींत पुन्हा ख्रिस्ती करून टाकलं.

हसू येतं, पण ते पत्रक तालुक्यात कुणाच्या तरी हाती लागलं. मग पाळकाला चौकीवर बोलावणं. दोन दिवस तो बाकावर बसून होता, बाप्तिस्म्याची जुनी रजिस्टरं मांडीवर घेऊन, हा १९६१ चा, ही १९७४ ची असं दाखवत. वडलांबरोबर सोसायटीत वीस वर्षं काढलेल्या माणसाने घरी येऊन विचारलं, "हे एकशेचाळीस कोण?" मेव्हणे तेव्हा पुण्यात. फोनवर म्हणाले, आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतोय.

भांडण झालं तेव्हा त्यांचं ठरलेलं वाक्य आलं: मिशनरी नसते तर तुम्ही आज कुठे असता? खरं आहे. माझ्या पणजोबांना गावच्या शाळेची पायरी चढू देत नव्हते, ते मिशनच्या शाळेत वाचायला शिकले. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ साली आलं. पण ती माणसं इथे तीस-तीस वर्षं राहिली, मराठी शिकली, कित्येकांनी आपली मुलं इथल्याच मातीत पुरली. तीन रात्रींचा मंडप टाकून गेली नाहीत. आणि ज्या अमेरिकन बोर्डाने त्यांना पाठवलं, त्याचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये स्वतः हिंदुस्थानात येऊन हेच सांगत होते की मंडळीने आपला पाळक नेमावा, आपला खर्च, आपला कारभार, आपली सुवार्ता स्वतः सांभाळावी आणि मिशनऱ्याने पुढच्या गावाला निघावं. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक नगरला पाळक झाले ते त्याच काळात. पुढे हे विसरलं गेलं, किल्ली आणि थैली बराच काळ साहेबाकडेच राहिली. ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो मुद्दाम देशी पाळकाच्या हातून, आणि १९१७ साली मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' ही स्वतःची, मिशनबाहेरची मंडळी काढली. आमच्या मंडळ्या १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, म्हणजे अनेक प्रोटेस्टंट पंथांनी एकत्र येऊन केलेल्या इथल्या चर्चमध्ये आहेत. तेव्हा 'शाखा' हा शब्द शंभर वर्षांपूर्वीच टिळकांना झोंबला असता, मला आज झोंबतोय यात नवल नाही.

लालूच दाखवून धर्मांतर, हाही तुमच्या प्रश्नात न लिहिलेला प्रश्न आहेच. शाळेत मला 'मिलोचा ख्रिस्ती' म्हणायचे; मिलो म्हणजे मदत म्हणून आलेली अमेरिकन तांबडी ज्वारी. १९७२ च्या दुष्काळात मिलो आख्ख्या गावाने खाल्ला. आमच्या ताटातला तेवढा लोकांच्या लक्षात राहिला.

माझं मत स्पष्ट आहे. बाहेरून येऊन जो स्थानिक पाळकाला न विचारता मंडप टाकतो तो मिशनरी नव्हे, कंत्राटदार. त्याला आकडा हवा असतो, आणि निस्तरायला उरते ती मंडळी.

हे सगळं नगरकडच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांपुरतं. वसईच्या कॅथलिकांची गोष्ट पोर्तुगीजांपासून सुरू होते, तिथली रचनाही वेगळी, त्यांनीच लिहावं. आणि बाहेरून येणारे सगळेच मेव्हण्यांच्या संस्थेसारखे नसतात. माझा स्वतःचा जन्म मिशनच्या दवाखान्यातला आहे.

तुम्हाला खरंच कळून घ्यायचं असेल तर कुठल्याही गावच्या चर्चमध्ये रविवारी जा, आणि उपासना झाल्यावर खजिनदाराकडे दानार्पणाची वही मागा. दहा-दहा, वीस-वीस रुपयांच्या ओळी दिसतील. चहा मिळेलच.

मेव्हणे, वाचत असाल तर आत्याचा तो फोटो अजून तुमच्या पत्रकावर आहे. निदान नाव तरी दुरुस्त करा.