निकाल पटला म्हणून चाचणी बरोबर ठरत नाही

तुम्ही विचारलंय की माणसांचे सोळा प्रकार पाडणारी मोफत ऑनलाइन व्यक्तिमत्त्व चाचणी पहिल्यांदा दिली तेव्हा 'आयएनएफजे' हा चार अक्षरांचा प्रकार आला आणि काही महिन्यांनी पुन्हा दिली तेव्हा 'ईएनएफजे'. यातलं खरं कुठलं, आणि बारावीनंतर काय करायचं ते यावरून ठरवावं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: ठरवू नका. मी कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते आणि अशा चार अक्षरांवर भरवसा ठेवून शाखा नाकारणारी मुलं पाहते, म्हणून इतकं स्पष्ट सांगते आहे.

आता पहिलं अक्षर का बदललं ते. चाचणी प्रश्न विचारून तुम्हाला अंतर्मुखता ते बहिर्मुखता अशा पट्टीवर कुठेतरी बसवते. इथपर्यंत ठीक आहे. पण मग ती पट्टीच्या मधोमध रेघ मारते. अलीकडच्यांना 'आय', पलीकडच्यांना 'ई'. वर्गातल्या मुलांना उंचीप्रमाणे उभं करून मधल्या मुलापासून एका बाजूच्या सगळ्यांना 'उंच' आणि दुसऱ्या बाजूच्या सगळ्यांना 'बुटके' म्हणावं, तसं हे आहे. बहुतेक माणसं मध्याच्या आसपासच असतात. त्यामुळे परीक्षेच्या ताणात, किंवा घरात लग्नाची धामधूम असताना चाचणी दिली की दोन-तीन उत्तरं इकडची तिकडे होतात आणि अक्षर पालटतं. माणूस तोच असतो. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड पिटेंजर यांनी १९९३ साली या प्रकारच्या मूळ चाचणीवरचं संशोधन तपासलं, तेव्हा पाच आठवड्यांच्या अंतराने पुन्हा चाचणी दिली तरी जवळजवळ निम्म्या लोकांचा प्रकार बदलू शकतो असं दिसलं. म्हणजे तुमच्या बाबतीत काहीही विचित्र घडलेलं नाही. तुमच्या दोन्ही निकालांतली टक्केवारी काढून बघा. एकदा ५४ टक्के अंतर्मुख आणि एकदा ५२ टक्के बहिर्मुख असं काही असेल, तर दोन्ही निकाल एकच गोष्ट सांगताहेत: तुम्ही मध्यावर आहात.

ती मूळ चाचणी म्हणजे मायर्स-ब्रिग्ज. कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल मायर्स या अमेरिकन मायलेकींनी स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ च्या ग्रंथाचा आधार घेऊन ती रचली. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं औपचारिक शिक्षण घेतलेलं नव्हतं. त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. पण नोकरीसाठी माणसं निवडायला ही चाचणी वापरू नये, असं आज तिचे प्रकाशकच सांगतात. मग तिच्या मोफत नकलांवरून आयुष्याची दिशा कशी ठरवायची?

"पण वर्णन अगदी माझंच होतं!" हे तुम्ही प्रश्नात लिहिलंय, आणि सगळी गोम तिथेच आहे. १९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझं वर्णन' म्हणून एक कागद दिला. ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. मग कळलं की सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता, आणि तोही बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला. लोकांनी आपल्याला पसंत करावं असं तुम्हाला वाटतं, कधी तुम्ही मोकळेपणाने मिसळता तर कधी हात राखून वागता, अशी वाक्यं. ती कुणाला लागू पडणार नाहीत? मी हा प्रयोग वर्गात करते, आणि दरवेळी मुलं एकमेकांचे कागद बघेपर्यंत मनापासून माना डोलावत असतात. त्यामुळे पटणं हा पुरावा नव्हे. चाचणी पुन्हा दिली तर निकाल टिकतो का, आणि त्या निकालावरून माणसाच्या प्रत्यक्ष वागण्याचा काही अंदाज येतो का, हे दोन प्रश्न विचारायचे.

या दोन्ही कसोट्यांवर बऱ्यापैकी उतरते ती 'बिग फाइव्ह' पद्धत. तिच्यात प्रकार नाहीत. बहिर्मुखता, सौहार्द, कामातला नेटकेपणा, भावनिक अस्थिरता आणि नव्या अनुभवांविषयीचा खुलेपणा अशा पाच पट्ट्यांवर नुसते गुण मिळतात. बॅरिक आणि माउंट या संशोधकांनी १९९१ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा नेटकेपणाचा गुण निरनिराळ्या व्यवसायांतल्या कामगिरीशी जोडलेला आढळला. मात्र तो धागा बारीक आहे. एकट्या माणसाचं भविष्य त्यावरून सांगता येत नाही. या पद्धतीची १२० आणि ३०० प्रश्नांची चाचणी आयपीआयपी या खुल्या प्रश्नसंग्रहातून बनवलेली असून ती इंटरनेटवर फुकट देता येते.

तीही देताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्या संग्रहात 'मी पार्टीची जान असतो' अशा अर्थाचं एक इंग्रजी विधान आहे. ज्या मुलीने पार्टी कधी पाहिलेलीच नाही, पण जी हळदीच्या रात्री अख्खं घर हसवते, तिने यावर काय उत्तर द्यायचं? बऱ्याच जणी 'नाही' निवडतात आणि निकालात अंतर्मुख ठरतात. शिवाय गुण इतरांच्या तुलनेत दिले जातात, आणि ते इतर कोण, कुठल्या देशातले, हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलं नसतं. आपण कसे आहोत यापेक्षा आपल्याला कसं असायला आवडेल तेच उत्तरांत उतरतं, हा धोका तर प्रत्येक प्रश्नावलीत आहे. म्हणून मी मुलांना सांगते, तीच प्रश्नावली तुम्हाला नीट ओळखणाऱ्या मावशीला किंवा मित्राला तुमच्याबद्दल भरायला द्या. दोन निकालांत फरक कुठे पडतो ते वाचण्यासारखं असतं.

शाखेसाठी लागते ती अभिक्षमता चाचणी, म्हणजे कशात गती आहे ते पाहणारी, आणि कल चाचणी, म्हणजे कशाची ओढ आहे ते पाहणारी. त्या वेगळ्या असतात, प्रशिक्षित माणूस समोर बसून घेतो आणि निकालावर तुमच्याशी बोलतो. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेत हे काम होतं. तुमच्या गावाजवळ समुपदेशक असतील तर त्यांचं शिक्षण आधी विचारून घ्या.

आणि चाचणीचं पान फेसबुकने लॉगिन करायला किंवा मोबाइल नंबर द्यायला सांगत असेल तर ते तिथेच बंद करा. फेसबुकवरच्या लोकांची माहिती त्यांना न विचारता राजकीय प्रचाराचं काम करणाऱ्या कंपनीकडे गेली, त्या २०१८ साली उघड झालेल्या केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणाची सुरुवात अशाच एका व्यक्तिमत्त्व चाचणीच्या अ‍ॅपपासून झाली होती. भारतात ते अ‍ॅप घेतलं होतं फक्त ३३५ जणांनी, पण त्यांच्या मित्रयादीतून सुमारे ५ लाख ६२ हजार भारतीयांची माहिती बाहेर गेली असावी, असं फेसबुकनेच सांगितलं. त्यातल्या बहुतेकांनी चाचणीतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर दिलेलं नव्हतं.