आईच्या विडीचा हिशेब आणि तुझा प्रोजेक्ट

चिरंजीव मुलीस, अनेक आशीर्वाद.

रात्री साडेअकराला पाठवलेला तुझा फोटो सकाळी पाहिला. तुझ्या पायथनमधल्या प्रोग्रामचा, लॅपटॉपच्या स्क्रीनचा तिरका फोटो, त्यात लाल अक्षरांच्या चार-पाच ओळी, आणि खाली तू लिहिलंयस, ‘ताई, सगळं बरोबर लिहिलंय तरी चालेना.’ फोनवर सांगितलं असतं तर दोन मिनिटांत संपलं असतं. पण प्रोजेक्टचंही बोलायचं होतं, म्हणून लिहायलाच बसले.

आधी त्या लाल ओळी. तू त्या वाचल्याच नाहीस, हो ना? वरच्या ओळीत ‘ट्रेसबॅक’ दिसलं की सगळ्यांचेच हातपाय गळतात. ते खालून वर वाचायचं असतं. शेवटच्या ओळीत काय बिघडलं ते, आणि तिच्या वर कितव्या ओळीवर बिघडलं ते. तुझ्या फोटोत शेवटी ‘टाइप एरर’ आहे आणि वर चौदावी ओळ. चौदाव्या ओळीत तू इनपुटने घेतलेल्या आकड्यात शंभर मिळवलेस. इनपुट जे घेतं ते अक्षरं म्हणून घेतं. तू ८०० टाइप केलंस तरी त्याच्या लेखी ती आठ, शून्य, शून्य अशी तीन अक्षरं. अक्षरांत संख्या मिळवता येत नाही म्हणून ते अडून बसलं. इंटमध्ये (अक्षरांची पूर्ण संख्या करणारं फंक्शन) घालून घे, चालेल.

अडलं हे तुझं नशीब म्हण. दोन्ही आकडे इनपुटने घेऊन तशीच बेरीज केली असतीस तर ५ आणि ३ मिळून ५३ आलं असतं. लाल ओळ एकही नाही, आणि तू ते जर्नलमध्ये उतरवून सही घेऊन मोकळी झाली असतीस. मला त्या चुकीची जास्त भीती वाटते. (एक गंमत करून बघ: इंटला देवनागरी आकडे दे. ‘१२’ मराठीत टाइप केलंस तरी पायथन निमूटपणे बारा समजतो.)

आता जर्नलमधले प्रोग्राम. आर्मस्ट्राँग संख्या, पॅलिंड्रोम, फिबोनाची, ताऱ्यांचा पिरॅमिड. ‘याचा उपयोग काय’ असं तू विचारलं होतंस. आर्मस्ट्राँग संख्येचा मलाही अजून कधी उपयोग पडलेला नाही. पण ताऱ्यांच्या पिरॅमिडला नावं ठेवू नकोस. अशोक चौकाकडून येताना माग चालू असल्याचा आवाज रोज ऐकतेस, एकदा आत जाऊन जुना जेकार्ड (नक्षी विणायचं मागावरचं यंत्र) बघ. चादरीची नक्षी आधी ग्राफच्या कागदावर चौकोन चौकोन रंगवून काढतात. त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात. एक पट्टी म्हणजे आडव्या धाग्याच्या एका फेरीचा हुकूम. भोक आहे तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नाही तिथला खालीच राहतो. पट्ट्या एकमेकींना ओवून त्यांची माळ केलेली असते. माळ फिरून पुन्हा पहिल्या पट्टीवर आली की नक्षीही पुन्हा पहिल्यापासून सुरू. बाहेरचं लूप, आतलं लूप (लूप म्हणजे तेच काम फिरून फिरून) आणि मधला इफ (‘असं असेल तर’), तिन्ही तिथे लटकलेले दिसतील. जोसेफ मारी जेकार्डने हे यंत्र १८०४ मध्ये फ्रान्समध्ये केलं. चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी पट्ट्यांची कल्पना तिथूनच उचलली, आणि १८४३ मध्ये एडा लव्हलेसने त्या यंत्राबद्दल लिहिताना जेकार्डच्या मागाचीच उपमा दिली.

तेव्हा पिरॅमिड झाला की थांबू नकोस. घरातल्या चादरीचा काठ घे, आठ बाय आठ चौकोनांत उतरव, शून्य आणि एकच्या आठ ओळी कर आणि तो काठ स्क्रीनवर पाच वेळा छाप. आठवी ओळ संपली की पहिलीवर परत यायला भागाकाराची बाकी काढणारं चिन्ह लागेल. ते चिन्ह सम-विषम ओळखायलाच असतं असं तुम्हा सगळ्यांना वाटतं.

प्रोजेक्टला तू ‘लायब्ररी मॅनेजमेंट’ घेतलंयस. का बे, सगळी बॅच तेच करते ना? तू शेवटची लायब्ररीत कधी गेलीस? पुस्तक उशिरा आलं तर दंड कसा लावतात, हरवलं तर काय करतात, हे तुला ठाऊक नाही, म्हणून कोऱ्या स्क्रीनसमोर तीन दिवस बसलीस. सरावाच्या उदाहरणात प्रश्न कुणीतरी लिहून दिलेला असतो. प्रोजेक्टमध्ये तो आपण शोधायचा असतो, आणि तुझा तर घरातच आहे. आई रोज वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन येते, तिचं नोंदीचं पुस्तक काढ.

या रविवारी लॅपटॉप उघडू नकोस. विडी घरकुलातल्या (विडी कामगारांच्या वसाहतीतल्या) तुमच्या कट्ट्यावर आईशेजारी बस आणि गेल्या पंधरा दिवसांच्या नोंदी वहीत उतरव. पत्ता (विडीचं पान) किती मिळाला, तंबाखू किती, विड्या किती दिल्या, छाट (नापास म्हणून काढलेल्या विड्या) किती निघाली. मग एका दिवसाचा हिशेब पेन्सिलने कर. हिशेबाला सोपा म्हणून हजार विड्यांचा दर २०० रुपये धर. आईने ९५० दिल्या, ३० छाटीत गेल्या, राहिल्या ९२०. मजुरी १८४ रुपये. भविष्यनिर्वाह निधीची कपात विडी उद्योगात १० टक्के, इतर बहुतेक ठिकाणी १२. म्हणजे १८ रुपये ४० पैसे गेले, हातात १६५ रुपये ६० पैसे. हा कागद जपून ठेव. तुझ्या प्रोग्रामने हेच उत्तर दिलं नाही तर प्रोग्राम चुकलाय, कागद नाही.

लिहिता लिहिताच आई सांगायला लागेल: त्या दिवशी पत्ता खराब आला, त्या दिवशी कारखाना बंद होता, त्या आठवड्यात लग्नाला गेले. तुझे सगळे इफ आणि एल्स तिच्या तोंडून येतील, फक्त लिहून घे. आणि दर कोडमध्ये वीस ठिकाणी चिकटवू नकोस. महागाई भत्त्याबरोबर तो बदलतो. कुठल्या तारखेपासून कुठला दर, याची वेगळी यादी ठेव, नाहीतर दर वाढला की जुन्या महिन्यांचे पगारही वाढलेले दिसतील. पहिल्या आठवड्यात एवढंच कर: डिक्शनऱ्यांची (एका दिवसाची नोंद म्हणजे एक डिक्शनरी) एक यादी आणि हिशेब करणारं एक फंक्शन. सीएसव्ही फाइल (नोंदी साठवायची साधी फाइल) नंतर. खिडक्या-बटणं त्याच्याही नंतर, आणि नाही झाली तरी चालतील.

पैशाच्या हिशेबात मी स्वतः तोंडघशी पडलेय, म्हणून यावर जरा थांबते. फॉक्सप्रो या जुन्या सॉफ्टवेअरचे दिवस होते. एका टॉवेलच्या कारखान्याला मी पगाराचा प्रोग्राम करून दिला. पाकिटात सुटे पैसे कोण घालणार, म्हणून प्रत्येकाची रक्कम पूर्ण रुपयात करायची तिथली पद्धत. मी आधी सगळ्यांची बेरीज केली आणि शेवटी एकदाच ती पूर्ण रुपयात आणली. शनिवारी मुनीम पाकिटं भरायला बसले. साठ पाकिटं, आणि बँकेतून आणलेल्या रकमेत सात रुपये कमी. मी ताठ्यात म्हटलं, कॉम्प्युटर चुकत नाही. त्यांनी काही न बोलता साठ चिठ्ठ्या माझ्यासमोर ओळीने मांडल्या आणि बोट ठेवत बेरीज करत गेले. बाराव्या चिठ्ठीला मला कळलं: पूर्ण रुपये प्रत्येक चिठ्ठीला करायचे होते, एकूण बेरजेला नाही. तरी त्यांनी साठही पूर्ण केल्या.

तुझ्याकडे तर याहून चकवा आहे. पायथनला अडीचचा राउंड विचार, तो २ सांगेल. साडेतीनचा विचार, ४ सांगेल. बरोबर मधोमध असलेला आकडा तो जवळच्या सम संख्येकडे नेतो. मुनीम अर्धा दिसला की वर नेत. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत, पण आईच्या कारखान्यात कुठली चालते ते विचारल्याशिवाय कळणार नाही. शिवाय ०.१ आणि ०.२ ची बेरीज छापून बघ, शेपटाला ४ लागलेला लांबलचक आकडा येईल. दशांश अपूर्णांक मशीन अर्धा, पाव, अर्धपाव अशा निम्म्या-निम्म्या भागांच्या बेरजेत साठवतं, त्यात ०.१ नेमका बसत नाही. साधा उपाय म्हणजे सगळा हिशेब पैशांत, पूर्ण संख्यांत ठेवायचा आणि छापताना तेवढे रुपये करायचे.

बाकी किरकोळ. तू बघतेस त्या व्हिडिओत प्रिंटला कंस नसेल तर तो पायथन २ चा आहे. त्याची देखभाल १ जानेवारी २०२० ला बंद झाली, सोडून दे. स्वतःच्या फाइलला सीएसव्ही किंवा रँडम असं नाव देऊ नकोस, पायथन आपलं त्या नावाचं मॉड्यूल (तयार कोडची फाइल) सोडून तुझीच फाइल उघडत बसेल. आणि आईला सांग की या नावाचा अजगराशी संबंध नाही. गुइडो व्हॅन रॉसमने १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत हे काम सुरू केलं आणि नाव घेतलं ते माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींवरून.

चॅटबॉटला विचारू का, हेही तू विचारलंयस. एरर समजावून घ्यायला विचार, मीही विचारते. पण अख्खा प्रोग्राम मागू नकोस. तोंडी परीक्षेत बाहेरचे सर एका ओळीवर बोट ठेवून ‘इथे इंट कशाला?’ एवढंच विचारतील, आणि तेव्हा फोन बाहेरच्या बाकावरच्या पिशवीत असेल.

पुढच्या रविवारी ती वही घेऊन ये, लॅपटॉप राहू दे. येण्याआधी आईला एक विचारून ठेव: पुस्तकात छाट वेगळ्या रकान्यात लिहितात, की वजा करूनच आकडा टाकतात? वजा करून टाकत असतील तर आपल्याला छाटीचा रकाना तिला रोज विचारून भरावा लागेल, आणि ती सांगायला तयार आहे का तेही बघ.

तुझी,
ताई