श्रावण पाळला, आता पुढं काय?

श्रावण संपत आला की दारूबद्दलची पत्रं वाढतात, हे दरवर्षीचंच. या वेळी त्यातली तीन घेतलीयेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय कारण तोच प्रश्न नाशकातल्या कितीतरी घरांत आत्ता चालू असणार.

प्रश्न : मॅडम, मी सिडकोत राहतो, वय ४२, अंबडला कंपनीत आहे. रोज संध्याकाळी क्वार्टर असते, सुट्टीला थोडी जास्त. गटारीनंतर महिनाभर बंद ठेवतो, दरवर्षी. सुरुवातीला झोप नाही, चिडचिड, पण नंतर एकदम फ्रेश वाटायला लागलं, वजन उतरलं, ॲसिडिटीची गोळी बंद झाली, रोजचे अडीचशे रुपये वाचतात ते वेगळंच. आता गणपती आले, मित्र म्हणतात बसू. महिन्याभरात बॉडी साफ होते ना? मग परत चालू केली तर काय बिघडलं? आणि मी महिनाभर सोडू शकतो म्हणजे मला व्यसन नाही असंच ना?

उत्तर : दादा, आधी मनापासून अभिनंदन, कारण रोज पिणाऱ्याला पहिले आठ-दहा दिवस काय जातात ते मला माहितीय. तुम्हाला जे फ्रेश वाटतंय ते खरंच आहे, मनाचे खेळ नाहीत. दारूनं झोप पटकन लागते पण रात्रीच्या उत्तरार्धात ती तुटते, आणि स्वप्नं पडणारी जी झोप मेंदूला लागते ती कमी होते. म्हणून आठ तास पडूनही सकाळी अंग जड. बंद केल्यावर सुरुवातीला झोप आणखी बिघडते, बरेच जण नेमके इथंच परत ग्लास उचलतात, पण तेवढा काळ काढला की झोप हळूहळू सुधारायला लागते. ते तुम्ही अनुभवलंय.

वजनाचं म्हणाल तर एका क्वार्टरमध्ये जवळपास ६० ग्रॅम अल्कोहोल असतं आणि एका ग्रॅमला ७ कॅलरी, म्हणजे चारशेच्या वर कॅलरी, साधारण चार पोळ्यांएवढ्या, आणि त्यावर चकणा, तळलेले शेंगदाणे, फरसाण, मग उशिराचं जेवण. हे सगळं एकदम थांबलं की पोट उतरणारच. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये एक अभ्यास छापला होता, बऱ्यापैकी पिणाऱ्या लोकांनी महिनाभर बंद ठेवली तर काय होतं यावर. वजन थोडं उतरलं, बीपी खाली आलं, आणि इन्सुलिनला शरीर जे दाद देत नव्हतं ते प्रमाण जवळपास पाव हिश्श्यानं कमी झालं. ज्यांच्या घरात शुगर आहे त्यांनी हे दोनदा वाचा.

आता "बॉडी साफ" चं. लिव्हरमध्ये साठलेली चरबी काही आठवड्यांत बरीच कमी होऊ शकते, लिव्हरवरचा ताण दाखवणारं रक्तातलं जीजीटी उतरतं, पण लिव्हरवर वण पडायला लागले असतील तर ते महिन्यात जात नाहीत, आणि ते दुखत नाहीत म्हणून कळतही नाहीत. तेव्हा गणपतीच्या आधी एक एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या, प्लीज. अकरा महिने घातलेला भार एका महिन्यात फिटत नाही. कॅन्सरचा धोका तर सोडल्यावर वर्षांच्या हिशोबात कमी होत जातो, तोंडाचा आणि अन्ननलिकेचा कमी होतो हे आता पक्कं झालंय, पण त्यासाठी सोडलेलीच ठेवावी लागते. जोडीला तंबाखू किंवा गुटखा असेल तर हा धोका नुसता बेरजेनं नाही, कितीतरी पटीनं वाढतो, ते तुम्ही लिहिलेलं नाही म्हणून विचारते.

व्यसन आहे की नाही ते महिनाभर थांबता येतं का यावरून ठरत नाही. श्रावणाला शेवटची तारीख असते, ती डोळ्यासमोर ठेवून माणूस दिवस काढतो. तारीख नसताना काय होतं ते बघायचं. एक पेग म्हणून बसलो आणि क्वार्टर संपली असं होतं का, सात वाजले की घरच्यांशी बोलण्यात लक्ष राहत नाही असं होतं का, याची उत्तरं तुमची तुम्हालाच द्यायचीत, मला नाही पाठवलीत तरी चालेल.

आणि एक धोक्याची गोष्ट जी कुणी सांगत नाही. महिनाभर बंद असल्यावर शरीराची सवय मोडलेली असते, त्यामुळं जुनं माप एकदम घेतलं तर ते खूप जास्त चढतं, आणि त्या दिवशी बाइकवरून घरी यायचं असतं.

म्हणून माझं म्हणणं असं की सुरू करूच नका, तुमचा सगळ्यात अवघड भाग होऊन गेलाय! तलब आली तरी ती बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरते, तेवढा वेळ हातापायांना काम पाहिजे. कंपनीतून सुटलात की थेट घरी न जाता गोल्फ क्लब मैदानाच्या जॉगिंग ट्रॅकवर या, संध्याकाळी तिथं सगळ्या वयाचे लोक चालत असतात, दोन राउंड मारेपर्यंत ती वेळ टळते. पोट रिकामं ठेवू नका, सहा-साडेसहाला काहीतरी खा. गोड खावंसं वाटेल, सुरुवातीला होतं तसं, फळ खा. मित्रांना कारणं सांगत बसू नका, "डॉक्टरनं बंद केलीय" म्हणा, माझं नाव सांगा. आणि ते अडीचशे रुपये रोजच्या रोज बाजूला टाका, वर्षाचे नव्वद हजारांच्या वर होतात, आकडा बायकोला दाखवा.

प्रश्न : वय ३५, गंगापूर रोड. ऑफिसचा ग्रुप महिन्यातून एक-दोनदा वायनरीत जातो. रेड वाइन हार्टला चांगली असते म्हणतात, तेवढी तरी ठीक ना?

उत्तर : हार्टसाठी म्हणून नका घेऊ. थोडी पिणारे न पिणाऱ्यांपेक्षा ठणठणीत दिसतात असं जुन्या अभ्यासांत आलं होतं, पण त्या न पिणाऱ्यांत आजारपणामुळं दारू सोडलेले लोकही धरलेले होते, म्हणून तुलनाच चुकली. दारूला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात १९८८ लाच टाकलंय, आणि जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट सांगितलं की सुरक्षित असं कुठलंही प्रमाण नाही. बायकांच्या बाबतीत ब्रेस्ट कॅन्सरचा धोका कमी प्रमाणातही थोडा वाढतो. आपल्याकडच्या बागायतदारांच्या कष्टांबद्दल मला फार आदर आहे, पण द्राक्षातलं चांगलं द्राक्ष खाऊनच मिळतं. ग्रुपबरोबर जरूर जा, गाडी तुम्ही चालवा.

प्रश्न : मॅडम, सातपूरहून लिहितेय. मिस्टर सकाळपासून घेतात, नाही घेतली तर हात थरथरतात, घाम सुटतो. शेजारणीनं एक पावडर आणून दिलीय, चहातून गुपचूप द्यायची, दारू आपोआप सुटते म्हणे. देऊ का?

उत्तर : ताई, नाही. ती पुडी आजच फेकून द्या. अशा पुड्यांत काय असतं ते कुणालाच माहीत नसतं, आणि बऱ्याचदा डायसल्फिराम असतं. ते औषध खरं आहे, डॉक्टर देतातही, पण माणसाला सांगून, तपासून, त्याच्या मर्जीनं. ते पोटात असताना दारू गेली तर चेहरा लाल होतो, उलट्या, छातीत धडधड, बीपी एकदम खाली, जीवही जाऊ शकतो. त्यांना माहितीच नसेल तर ते पिणारच ना.

दुसरं तितकंच महत्त्वाचं. रागानं घरात कोंडून एकदम बंदही करू नका. सकाळी हात थरथरतात म्हणजे शरीर दारूवर चाललंय. अशा माणसाची एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, ताप येतो, त्यात माणसं दगावतात. डॉक्टर यासाठी आठवडाभर हळूहळू कमी करत न्यायच्या गोळ्या देतात, बी-१ चं इंजेक्शन देतात, म्हणून सुरुवात दवाखान्यातच व्हायला पाहिजे. वरच्या पत्रातल्या दादांचं निभावलं, सगळ्यांचं निभावत नाही.

आपल्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभागात दाखवा. ते यायला तयार नसतील तरी तुम्ही एकट्या जा, बोला. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं नाव ऐकलं असेल, १९८६ पासून हेच काम करतात. सोडल्यानंतर टिकायला एएच्या, म्हणजे दारू सोडलेल्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस गटाच्या, मिटिंगा आहेत, आणि घरच्यांसाठी अल-अनॉन म्हणून वेगळी मिटिंग असते, ती तुमच्यासाठी. फोनवर बोलायचं असेल तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन, पैसे लागत नाहीत. फोन कराल तेव्हा ते किती वर्षं घेतात, दिवसाला किती, शेवटची कधी घेतली, आधी कधी फिट आलीय का आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत एवढं कागदावर लिहून ठेवा. फिट आली, बरळायला लागले किंवा रक्ताची उलटी झाली तर मात्र फोनाफोनी नको, लगेच १०८ ला ॲम्ब्युलन्स बोलवा आणि तिथं पोचल्यावर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की रोज पितात, आणि शेवटची कधी घेतली ते.