हॉलमधल्या भिंतीवर व्हर्टिकल गार्डन करायचंय, कोणती झाडं लावू?

तुम्ही लिहिलंय की ठाण्याला फ्लॅट आहे, सोफ्यामागची ८ बाय ६ फुटांची भिंत पूर्ण हिरवी करायचीय, खिडकी त्या भिंतीपासून दहाएक फुटांवर, भिंतीवर एसी, घरात एक मांजर, आणि डिझायनरने दिलेल्या यादीत स्नेक प्लांट, झीझी, बोस्टन फर्न, थोडे सक्युलंट आणि मनी प्लांट असं सगळं आहे. ती यादी आधी बाजूला ठेवा. एकेक झाड चांगलंच आहे हो, पण ही मंडळी एका भिंतीवर नांदणार नाहीत.

मी ऑफिसमधली आणि घरातली झाडं सांभाळायची कामं घेते, त्यामुळे अशा याद्या खूप बघते. होतं काय की भिंतीला पाण्याची एकच लाइन असते, एक टायमर, सकाळी दोन मिनिटं पाणी सुटलं की सगळ्यांना सारखंच. फर्नच्या हिशोबाने पाणी सोडलं तर स्नेक प्लांट बुडाशी सडतो, आणि स्नेक प्लांटच्या हिशोबाने सोडलं तर फर्नचा पापड. म्हणून भिंतीसाठी झाड निवडताना पहिला प्रश्न दिसतं कसं हा नाही, तहान किती हा आहे. सगळ्यांची तहान साधारण सारखी पाहिजे.

झीझी आणि स्नेक प्लांट "कधीच मरत नाही" म्हणून खपवतात ना, ते जमिनीवरच्या कुंडीत अगदी खरं आहे, पंधरा दिवस गावाला जाऊन या, काही होत नाही. पण झीझीच्या मातीखाली पाणी साठवणारे जाड गड्डे असतात, भिंतीवरच्या चार इंची कुंडीत सतत ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) ते कुजतात आणि नाही कुजले तर वाढून कुंडीच फाडतात. वर पानं मात्र बरेच दिवस हिरवीगार, कुणाला पत्ता नाही, एक दिवस दांडी ओढली की अलगद हातात येते आणि खालचा गड्डा बोटाने पिचकतो, वास तर विचारूच नका. ही दोन झाडं वेगळ्या कुंडीत ठेवा, छान राहतील, फक्त दोन्ही मांजराला विषारी आहेत, म्हणून ती पोचणार नाही अशा जागी. सक्युलंटचं नावच काढू नका, त्यांना ऊन लागतं आणि तुमच्या हॉलमध्ये ते नाही.

आता उजेड. फोनवर लक्स मीटरचं, म्हणजे उजेड मोजायचं, फुकट अ‍ॅप मिळतं, फोनचा सेन्सर पुढच्या कॅमेऱ्याजवळ असतो म्हणून स्क्रीन खिडकीकडे करून फोन भिंतीला चिकटवून धरा, दिवे बंद ठेवून, आणि वरच्या ओळीत नाही तर सगळ्यात खालच्या ओळीत रीडिंग घ्या. माझा ठोकताळा असा की दुपारी ५०० लक्सच्या आत आकडा असेल तर वेगळ्या लाइटशिवाय कामाला हातच घालायचा नाही. ग्रिल, पडदा, समोरची बिल्डिंग आणि मध्ये दहा फूट अंतर म्हटल्यावर तुमच्याकडे शे-दोनशे आला तरी मला नवल वाटणार नाही, आणि पावसाळ्यात त्याहून कमी. मग छताला ट्रॅक लावून साधारण ६५०० केल्विनचे, म्हणजे पांढऱ्या उजेडाचे एलईडी, भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे, तोंड भिंतीच्या खालच्या अर्ध्याकडे, टायमरवर रोज १०-१२ तास. वरच्या ओळींना असाही जास्त मिळतो, उपाशी खालच्याच राहतात. लोक मला पॅरिसच्या के ब्रान्ली म्युझियमचा फोटो पाठवतात की अशी भिंत करून द्या. ती पॅट्रिक ब्लांक या वनस्पतीशास्त्रज्ञाने केलेली, सुंदरच आहे, पण ती इमारतीच्या बाहेरची भिंत आहे, तिच्यावर उघडं आकाश आहे. आपल्या सोफ्यामागे कुठलं आकाश?

तर झाडं. भिंतीचा मोठा भाग मनी प्लांट, सिंगोनियम आणि नर्सरीवाले ज्याला ऑक्सिकार्डियम म्हणतात ते बदामी पानांचं फिलोडेंड्रॉन यांनी भरा. ही तिन्ही जंगलात झाडाच्या खोडाला धरून सावलीत चढणारी, त्यामुळे थोडक्या जागेत मुळं धरायची त्यांना सवय आहे. फक्त एक, मनी प्लांट वर चढला की पानं मोठी होतात आणि खाली लोंबला की बारीक होत जातात, म्हणून दीड फुटापलीकडे वेल लोंबू देऊ नका, शेंडा खुडा, बाजूने फुटवे येतात आणि खालच्या कुंडीवर सावलीही पडत नाही. रंग हवा असेल तर अधेमधे लाल-गुलाबी अ‍ॅग्लोनिमा टाका. आणि प्रत्येक ड्रिप लाइनच्या शेवटच्या कुंडीत एक पीस लिली लावा, फुलांसाठी नाही, पाणी कमी पडलं की ती सगळ्यांच्या आधी मान टाकते, म्हणजे लाइन चोक झाल्याचं बाकीची झाडं सुकायच्या आत कळतं.

पण मांजर. वर सांगितलेली पाचही झाडं अळूच्या कुळातली, पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, मांजराने चावलं की तोंडाची आग, लाळ, उलट्या. म्हणून सोफ्याच्या पाठीवर उभं राहून जिथवर तिचं तोंड पोचेल तिथवर स्पायडर प्लांट, पेपेरोमिया आणि बोस्टन फर्न एवढंच ठेवा, ही मांजराला विषारी नाहीत. त्या पट्ट्यात पीस लिली नको, तिथे इशारा द्यायचं काम फर्न करेल. स्पायडर प्लांट मांजरं आवडीने कुरतडतात, दिसायला वाईट दिसेल पण तेवढं चालवून घ्या. फर्न अगदी तळाला, कारण वरच्या कुंड्यांचं पाणी झिरपून खाली येतं आणि तिथे ओल टिकते. एसीची हवा जिथे थेट लागते तिथे होया लावा, जाड मेणचट पान असतं, कोरडी हवा सोसतं. पावसाळ्यात गावाकडच्या विहिरीच्या कठड्याला हंसराज हा नाजूक पानांचा फर्न बघून तो उपटून आणायचा मोह होतो, आणू नका, एसीच्या खोलीत आठवड्याभरात त्याच्या कडा करपतात.

नर्सरीतून, म्हणजे पुण्याकडून उरुळी कांचनहून आणलंत तरी, झाड बहुतेक लाल मातीच्या चिकट गोळ्यात येतं. ते तसंच कुंडीत कोंबू नका, गोळा एकदा सुकला की दगड होतो आणि ड्रिपचं पाणी कडेने निघून जातं, मधली मुळं कोरडीच. बादलीत भिजवून माती हळू सोडवा आणि धुतलेलं कोकोपीट, परलाइट (हलके पांढरे खडे), थोडं गांडूळखत यात लावा. भिंतीवर वजनही कमी पडतं. भिंत आणि पॅनेलमध्ये इंचभर हवा खेळती राहिली पाहिजे आणि मागे पीव्हीसी शीट, नाहीतर शेजाऱ्याच्या बेडरूममध्ये ओल.

पाणी बोअरवेलचं किंवा टँकरचं असेल तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर बसतो आणि स्पायडर प्लांटची टोकं तपकिरी होतात. आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालणारे खूप आहेत, पण क्षार सगळे त्यातच असतात, ते फरशी पुसायला वापरा. एसीच्या नळीचं पाणी गोळा केलंत तर ते उलट चांगलं. खालचा ट्रे रोज रिकामा करा, डेंग्यूच्या सिझनमध्ये पालिकेचे लोक येतात तेव्हा पहिले तेच बघतात आणि बरोबरच बघतात.

हवा शुद्ध होते म्हणून करत असाल तर तो विचार सोडा, २०१९ मध्ये जुन्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात निघालं की खिडकी उघडून जेवढी हवा बदलते तेवढा परिणाम मिळवायला खोलीच्या फरशीच्या दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. छान दिसतं म्हणून करा, ते कारण पुरेसं आहे.

आणि एवढ्या भिंतीला दीडशे-दोनशे कुंड्या लागतात, त्यातल्या दहातली एक तरी अधूनमधून बदलावी लागणारच, म्हणून त्याच जातींच्या वीसेक कुंड्या बाल्कनीत तयार ठेवा. मनी प्लांट आणि सिंगोनियमच्या खुडलेल्या शेंड्यांपासूनच त्या होतात, विकत आणायची गरज नाही. एकदम सगळी भिंत करण्यापेक्षा आधी खिडकीकडचा अर्धा भाग करा असं माझं मत. डिझायनरला अ‍ॅडव्हान्स देण्याआधी खालच्या ओळीचं सकाळी ११ आणि दुपारी ४ चं लक्स रीडिंग इथे कमेंटमध्ये टाका, आकडा बघून लाइट किती लागतील ते सांगते.